सुई लागली

या घरात जे काही महत्त्वाचं ठरलं, ते कापायच्या टेबलाभोवती ठरलं. लग्नं, आजारपणं, वरचा मजला चढवायचा की नाही, पायाची शिवणमशीन काढून मोटारची घ्यायची की नाही, सगळं. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, टेबलावरचं कापड गुंडाळून बाजूला ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने खडूने उभी रेघ ओढायची, ज्याला नको त्याने फुली मारायची. शेवटचा खडू आत्याचा, आणि तोच निर्णायक. चाळीस वर्षं या टेबलावर तिची कात्री चालली होती. कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही हे कापणाऱ्यालाच कळतं, तेव्हा शेवटी विचारायचं ते तिलाच, असं तिच्या वडिलांनी लावून दिलं होतं, आणि ते गेल्यावरही कुणी मोडलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी टेबलावर विषय होता तो शेजारच्या फ्रेमवाल्याच्या कुत्रीच्या पिल्लाचा. चार झाली होती, तीन लोकांनी नेली, एक उरलं होतं. तपकिरी, एक कान वर आणि एक खाली. कुत्री आठवड्यापूर्वी कुठे निघून गेली ती परतलीच नव्हती, आणि फ्रेमवाला परवा दुकान उचलून दुसऱ्या गावी मुलीकडे चालला होता. घरात आजवर कधी साधं मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं. पण नातीने पंधरा दिवस आजोबांच्या मागे टुमणं लावलं आणि मास्तरांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, शेवटी शटर अर्धं ओढलं.

नात आठ वर्षांची. मशीनमधल्या दोऱ्याच्या फिरकीसारखी घरभर गरगर फिरते म्हणून तिचं नाव बॉबिन पडलं होतं. आठ पूर्ण झाली की खडू हातात मिळतो, त्यामुळे आजचा तिचा पहिलाच खडू होता आणि ती सकाळपासून न्हाऊनमाखून तयार होती.

आत्या टेबलाच्या अरुंद बाजूला, आपल्या जागी बसली होती. मास्तर आणि वहिनी सोडून सगळे तिला आत्याच म्हणत, वाण्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत. मास्तरांच्या या थोरल्या बहिणीने लग्न केलं नव्हतं. बासष्ट वर्षांच्या या बाईला अंधाराची भीती नव्हती, चोराची नव्हती, मरणाची तर नव्हतीच. कुत्र्याची मात्र होती. रस्त्यात कुत्रं दिसलं की ती पलीकडच्या बाजूला जायची, तिथेही दिसलं तर घरी परतायची. लोक हसत. ती हसू द्यायची. हसण्यावारी गेलं की पुढचे प्रश्न येत नाहीत, हे ती लहानपणीच शिकली होती.

आज तिचा हिशेब सरळ होता. वहिनी आपल्या बाजूची. तीस वर्षांत वहिनीने तिच्याविरुद्ध रेघ ओढली नव्हती. शिवाय सूनबाईशी वहिनीचा स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरून तीन आठवडे अबोला होता, म्हणजे सूनबाई हो म्हणाली की वहिनी नाही म्हणणार हे ठरलेलंच. मास्तर बायकोच्या मागून जातील. मग आपण फुली मारली तरी ती एकटीची दिसणार नाही.

"मी सांगते," सूनबाईने सुरुवात केली. ती शाळेत शिकवायची आणि घरातही उभं राहूनच बोलायची. "पोरगी एकटी आहे. शाळेतून आली की या मशीनच्या घरघरीत बसून असते. तिच्याशी खेळायला कुणी आहे का या घरात?" आणि तिने रेघ ओढली.

तिचा नवरा, मास्तरांचा मुलगा, उंचीमुळे सगळ्यांचा लांबू. त्याने रेघ ओढली आणि वर विनोद केला, "दुकानात एक तरी जण मापाचा मिळेल. माझी पँट शिवताना बाबांना दर वेळी जोड द्यावा लागतो."

मग वहिनीने खडू घेतला. आत्याने तिच्याकडे पाहिलं. वहिनीने नाही पाहिलं.

"काय आहे वन्सं," ती खडूकडे बघत म्हणाली, "दुपारी तुम्ही सगळे खाली असता. वर मी आणि भिंती. कालच मी कुकरशी बोलत होते." तिने घाईघाईने रेघ ओढली. सूनबाईने न सांगता तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, आणि तीन आठवड्यांचा अबोला आत्याच्या डोळ्यांदेखत असा चुटकीसरशी संपला.



"ताई म्हणेल ते," मास्तर म्हणाले. "माझा खडू तिच्या मागून."

म्हणजे सगळं आपल्यावरच आलं. आत्याने हातावर हात घट्ट दाबून धरला. एक फुली मारायची आणि विषय संपवायचा. पोर चार दिवस रडेल, फुगून बसेल. रडणारी पोर चालेल. रडणारी पोर जिवंत असते.

"बॉबिनबाई, तुमचा खडू," लांबू म्हणाला.

पोरीने हात पुढे केला तो डावा. आत्या नुसती बघत होती, आणि तिची नजर कापणाऱ्याची होती. ती माणसाचा चेहरा विसरेल, पण बाही विसरणार नाही. बॉबिन उजव्या हाताची. या उकाड्यात तिने पूर्ण बाहीचा झगा घातला होता, तोही मागच्या वर्षीचा, खांद्यात आवळणारा. उजव्या मनगटाचं बटण लावलेलं होतं. झग्याच्या बाहीचं बटण ही पोर जन्मात कधी लावत नव्हती.

"हात बघू," आत्या म्हणाली.

"कुठला?"

"लपवलेला."

बॉबिनने हात मागे नेला. "काही नाही. सुई लागली."

कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. शिंप्याच्या घरात सुई सगळ्यांनाच लागते, रोज लागते. बोट तोंडात घालायचं आणि पुढची टीप मारायची. वहिनी सवयीने म्हणाली, "मशीनला हात लावू नको म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" आणि ते तिथेच संपलं.

आत्याचं मात्र संपलं नाही. तिने हेच आधी एकदा ऐकलं होतं. याच टेबलापाशी, याच दोन शब्दांत, याच सुरात. पंचावन्न वर्षं झाली होती.

"बटण काढ," ती म्हणाली.

"ताई, अगं काय मध्येच," मास्तर म्हणाले.

आत्या उठली, पोरीचा हात धरला आणि बटण काढलं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन लांब ओरखडे होते, खपली धरलेले, आणि त्यांच्या टोकाला एक बारीक खळगा. त्यावर कुणीतरी, म्हणजे तिनेच, खडूची पूड दाबली होती.

"ही सुई नाही," आत्या म्हणाली. "सुई सरळ आत जाते. ठिपका पडतो. सुई कधी ओढत नेत नाही."

"मशीनची होती," बॉबिन म्हणाली. डोळे टेबलावर.

"पिल्लू चावलं ना?"

"नाही! सुई लागली!"

मग सगळे एकदम बोलू लागले. लांबू म्हणाला, पोरांच्या हाताला लागतंच, आत्या, कुठे पत्रा लागला असेल. वहिनी म्हणाली, फ्रेमवाल्याकडे काचा असतात. सूनबाई उभीच होती, ती आता टेबलाच्या या बाजूला आली. तिचा आवाज वर्गातला झाला.

"आत्या, तुम्हाला कुत्रं नको आहे. ते आम्हाला माहीत आहे. नको तर सरळ फुली मारा, आम्ही काही म्हणणार नाही. पण पोरीला सगळ्यांसमोर खोटं पाडू नका."

आत्याच्या हातात अजून पोरीचं मनगट होतं. त्या नाडीचे ठोके तिच्या बोटांना लागत होते. खरं तर सूनबाईने सुटायची वाटच दाखवली होती. फुली मारावी, पिल्लू परवा जाईल, आपल्या तोंडून काही निघायला नको. आणि हा ओरखडा बाहीखाली राहील. पिल्लू मिळालं नाही तर ही पोर तो कधीच दाखवणार नाही, कारण आता दाखवून काय मिळणार? आत्याला हे जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिने एकदा तेच केलं होतं.

"दादा कशाने गेला, ठाऊक आहे ना तुला?" तिने मास्तरांना विचारलं.

मास्तर गोंधळले. दादा म्हणजे दोघांचा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा मास्तर पाळण्यात होते. "कुत्रं चावून. कुठलं तरी रस्त्यावरचं. कधी चावलं ते कळलंच नाही, असं आई सांगायची."

"आईला कळलं नाही. मला ठाऊक होतं."

मोटारची मशीन बंद होती, पंखा तेवढा फिरत होता. आत्याने तो बंद केला. मोठ्याने बोलायचं बळ तिच्यात नव्हतं.

"मी सात वर्षांची होते, तो दहाचा. त्याने पिल्लू आणलं होतं. त्या जिन्याखाली, चिंध्यांच्या खोक्यात ठेवलं होतं. एवढंसं. आम्ही दोघं आपापल्या वाटीतलं दूध त्याला नेऊन द्यायचो. एक दिवस ते दादाला चावलं, इथेच, मनगटाला. थोडंसंच. संध्याकाळी आईने विचारलं, हे काय रे? दादा म्हणाला, सुई लागली. आईला पटेना. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, खरं का गं? दादा तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होता. सांगितलं तर पिल्लू जाईल, मार बसेल." आत्याने जिन्याकडे पाहिलं. "मी म्हटलं, हो आई. मी पाहिलं. सुईच लागली."



"पिल्लू तीन दिवसांनी मेलं. आम्ही ते मागच्या अंगणात पुरलं आणि शपथ घेतली, की कुणाला सांगायचं नाही. दीड महिन्याने दादाला ताप आला. मग त्याला पाणी जाईना. तहान लागायची, पेला हातात घ्यायचा आणि पाणी बघून किंचाळायचा. डॉक्टरने आईला विचारलं, कुत्रं कधी चावलं? आई म्हणाली, नाही हो, चावलंच नाही. मी दारात उभी होते. तेव्हाही बोलले नाही. वाटलं, आता सांगितलं तर मीच मारलं म्हणतील. आई सत्तर वर्षं जगली. शेवटच्या आजारातसुद्धा मला विचारायची, कधी चावलं असेल गं? मी तिची उशी सारखी करायचे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो पुसायला काही न मिळून हातातच धरून ठेवला. सूनबाई खाली बसली. या घरात तिला कुणी असं बसताना फारसं पाहिलं नव्हतं.

बॉबिनचा चेहरा पांढरा पडला होता. "आत्याआजी, मी पण मरणार?"

"नाही," आत्या म्हणाली. "तू सांगितलंस तर नाही."

"परवा चावलं," पोर हुंदके देऊ लागली. "मी त्याच्या तोंडातून दोरा काढत होते. त्याने मुद्दाम नाही केलं. सांगितलं असतं तर तुम्ही फुली मारली असती ना!"

"मारली असती," आत्या म्हणाली. "तेच तर."

मग धावपळ झाली. वहिनीने पोरीला मोरीत नेलं, लांबूने नळ सोडला, आणि आत्याने स्वतः साबण घेऊन ते मनगट धुतलं, पाव तास, घड्याळ लावून. खपली निघाली, पोर ओरडली, तरी आत्याने हात सोडला नाही. खडूची पांढरी पूड पाण्याबरोबर वाहून गेली. सूनबाई दारात उभी राहून परत परत म्हणत होती, "मी रोज तिची वेणी घालते. रोज. मला कसं दिसलं नाही?" 

दवाखान्यात सगळेच गेले. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, जखमेभोवती एक इंजेक्शन दिलं, दंडात एक, आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. "दोन दिवसच झालेत ना? वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "यातली एकही तारीख चुकवायची नाही. आणि ते पिल्लू दहा दिवस नजरेसमोर ठेवा. खातंय का, पितंय का, नीट फिरतंय का. काही वेगळं दिसलं तर लगेच कळवा."

वेळेत आलात. आत्या ते दोन शब्द वाटभर मनात घोळवत आली. ते ऐकायला तिला पंचावन्न वर्षं उशीर झाला होता.

परत आल्यावर टेबलाभोवती बसायला कुणी सांगितलं नाही, पण सगळे तिथेच येऊन बसले. रेघा तशाच होत्या. लांबूने तळहाताने आपली पुसली. "नको रे बाबा. माझीच अक्कल गहाण पडली होती." सूनबाईने आपली पुसली. वहिनीने पदराने आपली पुसली, आणि पुसताना आत्याची नजर चुकवली नाही, जणू माफीच मागत होती. बॉबिन आईच्या मांडीवर होती, ती इतकंच म्हणाली, "मला नको ते."

टेबल स्वच्छ झालं. दुपारी आत्याला हेच तर हवं होतं.

"आणि परवा?" तिने विचारलं.

"परवा काय? फ्रेमवाला जाईल," मास्तर म्हणाले.

"पिल्लू बरोबर नेणार आहे का तो?"

"नाही म्हणाला. मुलीच्या घरी चालत नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर सोडणार."

"मग दहा दिवस आपण कुणावर नजर ठेवायची? बाजारावर?"

आत्याने खडू उचलला. हात इतका थरथरत होता की तिला दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागलं. पूर्ण ताग्यावर पहिली कात्री चालवतानासुद्धा हा हात कधी हलला नव्हता. तिने रेघ ओढली. वाकडी आली.

"ते इथे राहील. या टेबलाखाली, माझ्या डोळ्यांसमोर," ती म्हणाली. "मला त्याची भीती वाटते. अजूनही वाटते, आत्ता वाटतेय. पण ते कुठे आहे हे ठाऊक नसलं तर जास्त वाटेल. लांबू, दोरी, खोकं आणि जाड हातमोजे. पोरीने दहा दिवस त्याच्या जवळ जायचं नाही. आणि एक ऐका. आजपासून या घरात कुणी 'सुई लागली' म्हणून सुटायचं नाही. काय लागलं ते दाखवायचं. आणि जो दाखवेल त्याला कुणी ओरडायचं नाही. हे पाळणार नसाल तर ही रेघ मी पुसते."

मास्तरांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि तिच्या वाकड्या रेघेशेजारी आपली ओढली.

पिल्लू आलं. खोक्यात चिंध्या घातल्या तेव्हा आत्याने तोंड फिरवलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती वाटीत पाणी घेऊन टेबलाखाली वाकायची, वाटी लांब काठीने पुढे सरकवायची आणि श्वास धरून बघायची. पिल्लू पाणी प्यायचं, लपलप आवाज करत, अर्धं सांडत. मग ती टेबलाच्या कडेला आतून खडूची एक बारीक रेघ ओढायची आणि मगच कात्री हातात घ्यायची. चौथ्या दिवशी ते पाणी प्यायलं नाही. नुसतं वाटीकडे बघत राहिलं. आत्याने मास्तरांना हाक मारायला तोंड उघडलं. मग पिल्लाने वाटीतली माशी पंजाने बाहेर काढली आणि पाणी प्यायलं. आत्या तिथेच जमिनीवर बसली आणि वहिनी येईपर्यंत उठली नाही.

दहा रेघा झाल्या. लांबूने दवाखान्यात जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिल्लू ठणठणीत आहे म्हणजे चिंता मिटली. आता त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन टोचून आणा, आणि तुमच्या मुलीला आता जवळ जाऊ द्या. बॉबिन दोन दिवस जिन्यावरूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी ती खालच्या पायरीवर येऊन बसली.

त्या सकाळी काठी सापडेना. आत्याने वाटी हातानेच पुढे केली. पिल्लू खेळात होतं, त्याने वाटी सोडून तिचं बोट धरलं. दात लागला. रक्ताचा एक थेंब आला, सुईचा येतो तेवढाच.

आत्या बोटाकडे बघत राहिली. पिल्लू शेपटी हलवत होतं. दुकानात कुणी नव्हतं, फक्त पायरीवर पोर होती.

"आत्याआजी, काय झालं?"

तिच्या जिभेवर ते दोन शब्द तयारच होते. इतकी वर्षं तिथेच होते. तिने ते गिळले.

"चावलं गं," ती म्हणाली. आणि मग मोठ्याने, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "मला पिल्लू चावलं!"

बॉबिन पायरीवरून उतरली, पिल्लाला वळसा घालून धावली आणि मोरीतला नळ पूर्ण सोडून, हातात साबण घेऊन उभी राहिली. "ये," ती म्हणाली. "पाव तास. मी घड्याळ बघते."